देवीच्या तलवारीचा गंज

माझं लग्न झालं तेव्हा नवरा मुंबईला गिरणीत होता. देवरूखच्या वरच्या अंगाला आमचं गाव. घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. सासरे गावचे लोहार. सासू मी यायच्या आधीच गेलेली. मी त्यांना मामंजी म्हणायची आणि ते मला बाय.

त्या वर्षी पाऊस फार लांबला. दसरा जवळ आला तसे गावचे मानकरी देवीची तलवार घेऊन आमच्या दारी आले. तलवार त्यांच्या घरी पेटीत असायची. दसऱ्याला पालखीपुढे ती धरायचा मान त्यांच्या घराण्याचा. पेटीवर कौलं गळली होती, आणि तलवार म्यानातच अडकून बसली होती.

"दसऱ्याला चकाकली पाहिजे," मानकरी म्हणाले.

मामंजींनी म्यान कापून काढलं. आत पोलाद दिसतच नव्हतं, पापुद्रे सुटलेला तांबडा गंज नुसता. त्यांनी ती रॉकेलात भिजत ठेवली, मग हलक्या हातानं खरवडायला बसले. मी आमसुलं कुटून त्याचं दाट पाणी करून द्यायची, विटकरीची पूड चाळायची. नारळाच्या सोडणानं घासून घासून माझ्या बोटांची सालं गेली. हळूहळू पातं उघडं पडायला लागलं, निळसर, मधे मधे खड्डे पडलेलं. मामंजी कधी नव्हे ते गुणगुणत काम करत होते. देवीचं काम हाती आलंय, याचा त्यांना अभिमान होता.

मुठीच्या जरा वर गंजाचा एक जाड थर राहिला होता. तो काढताना तलवार त्यांच्या हातात मोडली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

ते दोन्ही तुकडे घेऊन उजेडात गेले. मला बोलावलं. मोडलेल्या तोंडावर पिवळी रेघ होती.

"पितळेचा जोड हाय. ही आधीच कधी तरी मोडली होती, बाय. कोणी तरी झाळून, वर काळं फासून ठेवलीय."

मानकऱ्यांना निरोप गेला. त्यांनी तो जोड पाहिला, दार लोटून घेतलं आणि सांगितलं. तलवार त्यांच्या वडलांच्या हातून मोडली होती, आणि ते घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

"हे बाहेर गेलं तर मान जाईल माझ्या घरातला," ते म्हणाले. "साफ करताना मोडली एवढंच सांगू. गंजलेलीच होती, तुला कोण बोलणार? चार दिवसांत लोक विसरतील."

मामंजींनी दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळले. मग म्हणाले, "बरं."

मानकरी गेल्यावर मी म्हटलं, "मामंजी, तुम्ही का आळ घेता?"

"गावात राहायचं हाय," ते म्हणाले.

लोक विसरलेही असते. पण दिवाळीच्या सुमारास गावात पटकी आली. माणसं पटापट गेली. लोहारानं देवीची तलवार मोडली म्हणून देवी कोपली, असं आधी विहिरीवर कानावर आलं, मग सगळीकडेच. मी पाण्याला गेले की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. नांगराचे फाळ दुसऱ्या गावच्या लोहाराकडे जायला लागले. आमच्या भात्याला कोळिष्टकं लागली.

मानकऱ्यांची नात त्याच पटकीत गेली. तिचं सुतक फिटल्यावर ते एकदा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. मामंजी बाहेर गेले. मला वाटलं, आता हे गावाला खरं सांगतील.

"माझ्या घरातच गेली पोर," मानकरी म्हणाले. "आता सांगितलं तर लोक म्हणतील, पाप माझंच."

"नका सांगू," मामंजी म्हणाले.

शिमग्याआधी आम्ही गाव सोडलं. नवऱ्यानं मुंबईला बोलावलं होतं, पण मामंजी तयार नव्हते. रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर एका मुसलमान तांडेलाची होडी बांधायचं काम चाललं होतं, तिथे ते खिळे घडवायला राहिले. तांडेल भला माणूस, काही विचारायचा नाही. मामंजी काम करायचे, जेवायचे, निजायचे. कुणी जुना गंजका कोयता आणला तर हात लावत नसत. "नवा करून देतो," म्हणायचे. दोन पावसाळे गेले, तिसऱ्यात ते छातीच्या दुखण्यानं गेले.

तेराव्यानंतर मी मुंबईहून आलेल्या नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तोवर गावासारखंच समजून चालला होता. बापाला कधी तरी तसं बोललाही होता. दुसऱ्या दिवशी उठून गावाला गेला.

परत आला तो दोन दिवसांनी. मानकरी वर्षापूर्वीच वारले होते. त्यांचा मुलगा तलवार धरत होता, कोल्हापूरहून आणलेली नवी.

"सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"त्यानं पाणी दिलं. बाबांची चौकशी केली. म्हणाला, तलवारीचं मनाला लावून घेऊ नका, आम्ही त्यांना कधीच माफ केलंय."

"मग?"

"मग काय. पाणी प्यायलो नि आलो."