सत्तर किलोंचा प्रवासी आणि ताईची पिशवी

इंदूरहून निघालेली आमची बस रस्त्याच्या कामापाशी अडकली ती अडकलीच. मी साताऱ्याचा भूगोलाचा मास्तर. वर्गातल्या नकाशावर इंदूर ते उज्जैन हे अंतर मी बोटाच्या पेराएवढं दाखवतो. त्या पेराला त्या दिवशी अडीच तास लागले. उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर उतरलो, तर भाची ऋचा स्कूटर घेऊन हजर.

"मामा, म्हणून तर मी उडणारी गाडी बनवून राहिले," ती हसत म्हणाली.

भावजी बँकेच्या नोकरीपायी उज्जैनला आले आणि इथलेच झाले. फ्रीगंजमधल्या त्यांच्या घरी ताईने माझ्यापुढे भुट्ट्याचा कीस (कोवळा मका किसून दुधात शिजवलेला तिखट पदार्थ) ठेवला. दोन बशा रिचवल्यावर मला थट्टा सुचली. "मग, तुझ्या गाडीतून मी इंदूरला कधी जायचं?"

"इतक्यात नाही, मामा," ऋचा म्हणाली. "उभं वर चढायलाच खूप ताकद लागते. दूर जायचं तर बॅटरी मोठी पाहिजे, आणि मोठी बॅटरी लावली की गाडीच भारी होते. मग उतरायला जागा, परमिशन... पण उद्या ती माणसाएवढं वजन घेऊन उठली ना, तर रस्ता खुलेल."

"आणि नाही उठली तर ती गाडी बनवायची शेड खाली करायची आणि पुण्याची नोकरी धरायची," भावजी पेपरामागून म्हणाले. "प्रॉमिस केलंय तिनं."

ऋचाने मान हलवली, पण तिच्या बशीतला कीस तसाच राहिला. माझी थट्टा मलाच बोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावाबाहेर, तिच्या कॉलेजच्या मैदानावर गेलो. भोवती सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी शेतं होती. मधोमध ऋचाची गाडी उभी होती, एक खुर्ची आणि चारी बाजूंना मिळून आठ पंखे. पहिल्या चाचणीत माणूस बसवायचा नव्हता. खुर्चीला वाळूचं पोतं बांधलं होतं, मोजून सत्तर किलो. त्याला सगळे 'प्रवासी' म्हणत होते.

तपासायला इंदूरहून एक मॅडम आल्या. सगळे दोरीपलीकडे गेले. ऋचाने बटण दाबलं. पंखे हललेच नाहीत, नुसता लाल दिवा लागला.

"वजन जास्त दाखवून राहिली," ऋचा पुटपुटली. तिचा चेहरा पांढरा पडला. "मी स्वतः तोललं होतं!"

ते जास्तीचं वजन मीच ठेवलं होतं. मघाशी ताईने माझ्या हातात एक पिशवी देऊन सांगितलं होतं, "खुर्चीच्या मागे ठेव, कुणाला बोलू नको." मास्तर असूनही मी मुकाट्याने ऐकलं. मी पुढे होऊन सगळं कबूल केलं. पिशवीतून निघाले लाडूंचा डबा, शेवेचं पाकीट आणि पाण्याची बाटली.

"आई! वाळूचं पोतं लाडू खाणार का?" ऋचाला रडावं की ओरडावं कळेना.

"पहिल्यांदा निघालाय तो," ताई ठामपणे म्हणाली. "माझ्या घरून कोणी खाली हात गेलंय का कधी?"

मॅडमनी पिशवी उचलून पाहिली आणि त्या खळखळून हसल्या. "डिब्बा रहने दो, बेटा. रेत कम करो. उज्जैन का पैसेंजर ऐसे ही बैठेगा."

पिशवीच्या वजनाइतकी वाळू काढली. पुन्हा बटण. पंखे घोंघावले, धुरळा उडाला, आणि वाळूचा प्रवासी लाडवांसकट माझ्या डोक्याच्या वर गेला. तो दोन मिनिटं अधांतरी राहिला आणि अलगद उतरला. भावजी सगळ्यांत आधी धावले आणि लेकीला मिठी मारून म्हणाले, "पुण्याला कळवून टाक, येत नाही म्हणून." मी मोठ्याने टाळ्या वाजवत होतो आणि माझे डोळे वाहत होते. मग तो डबा आम्ही मैदानातच फस्त केला.

परतीच्या दिवशी ताईने माझ्याही हातात पिशवी कोंबली. देवास गेटच्या स्टँडवर ऋचाने ती हातात तोलली, खिशातून वजनांच्या हिशेबाची वही काढली आणि 'प्रवासी' या ओळीखाली नवी ओळ लिहिली, 'आईची पिशवी'.

"मामा, तुम्हाला न्यायचं तर आणखी दोन पंखे लागतील," ती म्हणाली.

बस पुन्हा त्याच कामापाशी अडकली. बाकीचे प्रवासी कुरकुरत होते. मी डबा उघडून शेजारच्यांना लाडू वाटले. ऋचाच्या गाडीतून इंदूरला जाण्याइतका काळ मला मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण तिच्या हिशेबात माझी जागा धरलेली आहे, ताईच्या पिशवीसकट.