आत्याच्या पाळणाघराची पाटी

साऱ्या नगर शहरात स्वतःच्या धंद्याची बदनामी स्वतःच पाटीवर लिहून दाराला लावणारी एकच बाई होऊन गेली, आणि ती माझी आत्या होती. मिशनच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडून तिनं दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत विडीच्या कारखान्यामागं पाळणाघर काढलं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवत असे, म्हणून पाटी माझ्याकडे आली. मी झोकात रंगवलं, ‘तान्ह्या मुलांस विलायती डब्याचे दूध मिळेल.’ आत्यानं चष्मा पुसून ते वाचलं. “मिळेल कसं? या लढाईत बाजारात डबा आहे का?” मग ‘मिळाल्यास मिळेल’ झालं. मग ‘न मिळाल्यास शेळीचे’. दुपारी शेळीनं लाथ मारून भांडं लवंडलं, तेव्हा ‘शेळीची मर्जी असल्यास’. पत्र्यावरची जागा संपली. आत्यानं माझा ब्रश काढून घेतला आणि शाळेतला एक मोडका फळा आणवला. त्यावर ती रोज सकाळी खडूनं ताजं सत्य लिहू लागली.

विडीवाल्या बायकांना वाचता येत नसे. पण आत्या त्यांना तशी सोडते काय? एकेकीला दारात थांबवून ती अख्खा फळा वाचून दाखवी, तोही चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचावा त्या सुरात. “आज डबा रिकामा आहे. शेळी आटली आहे. गाईचं दूध पाणी घालून, उकळून मिळेल. पाणी मी स्वतः घालते.” मागून कुणीतरी कळवळे, “बाई, मुकादम वरडतोय, घ्या की पोरगं.” “आधी ऐक, मग हो म्हण, मग घेते.” एका आईनं कौतुकानं विचारलं, “माजं पोरगं देखनं हाय ना, बाई?” आत्यानं पोराला उजेडात धरून नीट पाहिलं. “नाही. पण पोट साफ असतं.”

अशात समोरच दुसरं पाळणाघर निघालं. खिडकीत चकचकीत डब्यांची उतरंड आणि वर पाटी, ‘अस्सल विलायती दूध, पोटभर.’ बघता बघता आत्याचे पाळणे ओस पडले. महिनाअखेरीला गाशा गुंडाळून खर्ड्याला, माझ्या वडिलांकडे राहायला जायची पाळी आली. तिथं माझ्या आईच्या स्वयंपाकाविषयी आत्या खरं बोलणार, या कल्पनेनंच घर धास्तावलं होतं.

मी म्हणालो, “आत्या, रिकामे डबे आपल्याकडेही आहेत. मांडू या का?”

“आणि बाळानं काय डबा चाटायचा?” ती म्हणाली. “ज्याला प्यायचंय त्याला बोलता येत नाही रे. त्याच्या वतीनं पाटीनं तरी खरं बोलावं.”

आत्या ट्रंक भरायला बसली, त्याच दुपारी साळू नावाची विडीवाली रडून लाल झालेलं पोर घेऊन दारात आली. पोर समोर ठेवलेलं, आणि ती अवचित तिथं डोकावली होती, तर तिथली बाई त्या चकचकीत डब्यातून भाताची पेज ओतत होती. “तितं डबा हाय, दूध न्हाई,” साळू म्हणाली. “हितं डबा न्हाई म्हून रोज वरडता, पर दूध तरी हाय. घ्या ह्याला.”

“आधी फळा ऐक,” आत्या म्हणाली आणि पोर आधीच कडेवर घेतलं. नियम मोडताना तिला मी तेवढं एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी दाराशी रांग होती आणि फळ्यावर, ‘पाळणे कमी, बाळे जास्त. दोघांना एकत्र निजावे लागेल. लाथा बसतील.’

लढाई संपली, डबे बाजारात आले, फळ्यावरचा मजकूर आखूड झाला. मग एका सकाळी आत्याचं दार उघडलं नाही. बायका पोरं घेऊन ताटकळत होत्या. मी धावत पोचलो, तर साळू म्हणाली, “मास्तर, काय लिवलंय वाचा की.”

फळ्यावरचं अक्षर थरथरलेलं होतं. ‘आज बाई आजारी आहेत. उद्याचे सांगता येत नाही.’

‘उद्या बऱ्या होतील’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण समोर कडेवरची बाळं माझ्याकडे टक लावून पाहत होती. मी आत्याच्याच सुरात, होतं तसं वाचलं.

साळूनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “बाईंनी लिवलंय म्हंजी खरंच असंल,” ती हळूच म्हणाली, आणि कामावर न जाता पायरीवर बसून राहिली.