मनकर्णाच्या कोंबड्यांचं रेशन

चंद्रपूरकडच्या मूल शहरातल्या एका राइस मिलमध्ये मनकर्णाने अर्धं आयुष्य तांदूळ निवडण्यात घालवलं. ढिगात खडा लपत असे, तिच्या सुपात नाही. गावात तिला कोणी विद्वान म्हणत नसे. पण तांदळाच्या बाबतीत तिच्या शब्दापुढे कोणी जात नसे, आणि गावात तांदळाखेरीज बोलण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

त्या वर्षी तांदूळ परदेशी पाठवायला बंदी आली. मनकर्णाचा परदेश तेलंगणापाशी संपत होता. तरी बंदी तिच्यापर्यंत बरोबर पोचली. मिलचा तांदूळ बाहेरदेशीच जायचा; ऐन हंगामात तिच्या फाटकाला कुलूप लागलं. मुलगा हेमराज त्याच मिलमध्ये हमाल होता. तो संक्रांत उरकून मिरची तोडायला तेलंगणात गेला. घरी उरल्या मनकर्णा, तिची गरोदर सून रंजीता आणि कोंबड्या. चूल मात्र विझली नाही, कारण कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात तांदूळ फुकट मिळत होता. एका हाताने काम काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने पोटाला घालायचं, ही रीत सासुरवास भोगलेल्या बाईला नवी नव्हती.

काळजी वेगळीच होती. रंजीताचं रक्त कमी होतं. गावच्या आशा सेविका नीलाबाई तपासणीनंतर घरी आल्या.

"रोज गोळी द्या, बाई. रक्त असंच राह्यलं त मूलच्या दवाखान्यात बाळंतपण नाई होणार. चंद्रपूरले पाठवतीन."

मनकर्णाच्या थोरल्या बहिणीलाही असंच चंद्रपूरला पाठवलं होतं. ती वाटेतच संपली होती. नीलाबाई गेल्या त्या दिवसापासून मनकर्णाने सुनेच्या ताटावर पहारा बसवला.

आणि पहिल्याच पोत्यात तिला चोर सापडला. कंट्रोलच्या तांदळात मधूनमधून चुन्यासारखे पांढरे दाणे होते, सगळे एका मापाचे. पाण्यात टाकले की वर तरंगत.

"वावरातला दाणा एका मापाचा कधीच नसते," तिने निकाल दिला. "हे पलास्टिक होय."

ती दुकानदार गुलाम रसूलभाऊंना विचारायला गेली. ते म्हणाले, "बाई, मी काय कारखाना टाकला? पोत्यात येते, पोत्यातून देतो."

मग मनकर्णा सूप घेऊन बसली. एकेक पांढरा दाणा वेचायचा आणि कोंबड्यांना टाकायचा. आठवड्याभरात आख्ख्या गल्लीतल्या बाया तिच्या ओट्यावर तांदूळ घेऊन येऊ लागल्या. मिल बंद झाल्यापासून तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

नीलाबाई पुन्हा आल्या तेव्हा कोंबड्यांचं जेवण चाललं होतं.

"काय टाकून राह्यल्या?"

"पलास्टिक."

नीलाबाईंनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, रक्त वाढाचं औषध त्याच दाण्यात हाय. तांदळाच्या पिठात लोह मिसळून सरकारच हा दाणा बनवते."

"तांदूळ मले नका शिकवू."

"नाई शिकवत. शिजवतो फक्त."

त्यांनी ओटीभर वेचलेले दाणे चुलीवर चढवले. प्लास्टिकचा वास आला नाही. दाणा मऊ झाला. मनकर्णाने तो दोन बोटांत दाबला; त्याचं पीठ झालं.

"म्हणजे फुटक्या तांदळाची कनकी दळली अन् परत दाणा केला," ती म्हणाली. "आधी फोडाचा, मंग जोडाचा. सरकारले दुसरं काम नाई."

मग तिची नजर अंगणात गेली. कोंबड्यांची पिसं तेलाने माखल्यासारखी चमकत होती. प्लास्टिक खाऊन कोंबडी अशी तरारत नाही, ही गोष्ट बारीकसा खडाही न सोडणाऱ्या नजरेतून निसटली होती.

"आत्याबाई," आतून रंजीताचा आवाज आला, "कोंबड्याईचं रक्त तपासाचं काय?"

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. बाया सुपं घेऊन हजर.

"आजपासून निवडाचं नाई," मनकर्णा म्हणाली. "ते औषध होय. मी चुकली."

शेजारची कलाबाई सूप खाली ठेवेना. "काल पलास्टिक, आज औषध. उद्या काय होईन?"

मनकर्णाने तिच्याच सुपातले पांढरे दाणे वेचले, मूठ भरली आणि कच्चेच चावून गिळले. "मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या जत्रेपर्यंत मी मेली, त निवडत बसा. नाई मेली, त गुमान शिजवा."

"मले त जत्रेले तुमच्यासंगंच जायचं होतं."

"मंग आठवणीनं जिती राह्यतो."

ती जिवंत राहिली. कलाबाई रोज सकाळी खात्री करून जाई. जत्रेला दोघी एकाच बसने गेल्या, आणि परतल्यावर गल्लीत तांदूळ न निवडता शिजू लागला. कोंबड्या कोंड्यावर आल्या. त्यांची योजना तेवढी बंद झाली.

पुढच्या तपासणीत रंजीताचं रक्त चढलेलं निघालं. नीलाबाई म्हणाल्या, गोळ्यांनी. मनकर्णा म्हणाली, तांदळाने. रंजीताने अंड्यांची बाजू घेतली. चंद्रपूरचं नाव मात्र कोणी पुन्हा काढलं नाही.

मोहफुलं गळू लागली तेव्हा रंजीताला मुलगी झाली, मूलच्याच दवाखान्यात. हेमराज अजून वाटेवर होता. मनकर्णाने नात मांडीवर घेतली, खिडकीच्या उजेडाकडे वळली, आणि कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत सावकाश नजर फिरवली, जशी सुपावरून फिरवावी.

"काय पाहून राह्यल्या, बाई?" नीलाबाईंनी विचारलं.

"काई नाई," मनकर्णा म्हणाली. "निवडासारखं काईच नाई."