मामांचा अंगठा

आमच्या मामांच्या पायाला भिंगरी आहे. तीस वर्षं लोकांच्या लग्नांचं शूटिंग केलं, पण एका जागी बसून कधी जेवले नाहीत. त्या दुपारीही ते माझ्या खोलीत नुसत्या येरझारा घालत होते. मामीला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तिचा आवाज एकाच जुन्या कॅसेटवर उरला होता. कॅसेट खराब व्हायच्या आत ती मामांच्या जुन्या कॅमेऱ्यात लावून तो कॉम्प्युटरवर घ्यायचा होता. पण कॉम्प्युटर कॅमेऱ्याला ओळखच दाखवेना.

"वायर खराब आहे," मामा म्हणाले. मी तिसरी वायर काढली. "मग तुझा कॉम्प्युटरच भंगार आहे!"

माझंही डोकं फिरलं. बटण 'प्ले'वर ठेवून मी कॅमेरा पुन्हा त्यांच्या हातात दिला, वायर जोडायला वाकले आणि सहज वर पाहिलं. कॅमेरा हातात येताच मामांचा अंगठा बटण 'रेकॉर्ड'वर सरकवत होता.

"मामा! 'रेकॉर्ड'वर ठेवलात तर कॉम्प्युटर ओळखणार कसा? शूटिंग नाही करायचंय, बघायचंय!"

"मी कुठे काय केलं?" मामा उखडले. मग त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

मी बटण मागे सरकवलं आणि त्यांचा अंगठा धरूनच ठेवला. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर मामी आली. माझ्या लग्नात, हातात ताट घेऊन, थेट कॅमेऱ्याकडे बघत.

"अहो, पुरे झालं. ठेवा तो कॅमेरा आणि बसा जेवायला."

"हो, बसतो," मामा म्हणाले. त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.