उशिराचा अर्ज

माझ्या जावेच्या भावाइतका घाईचा माणूस अख्ख्या गोव्यात नसेल. लग्नाच्या जेवणाला तो आचाऱ्यांच्या आधी पोचतो आणि नारळ किसत बसतो. बस सातची असली की हा सहालाच थांब्यावर, आणि बस आली की ड्रायव्हरलाच विचारणार, "आज उशीर कित्याक?" एकदा कुणाच्या बाराव्याला आदल्या दिवशीच गेला; घरच्यांनी चहा पाजून परत पाठवला. अशा माणसाला उशिराचा अर्ज लिहावा लागला तो माझ्यामुळे.

कारापूरजवळच्या एका कारखान्यात मी काजूबिया फोडायची. कारखाना बंद पडला तेव्हा माझा सहा महिन्यांचा पगार राहिला. मालक म्हणाला, "चवथ झाल्यार देतंय." मग जत्रा झाल्यावर, मग नव्या हंगामात. दर चवथीला मात्र गणपतीवरच्या माटोळीला बांधायला फळं पाठवायचा. ती टांगली की मला मागायला तोंड उघडवेना. इकडे रांधपघराचं छप्पर गळत होतं, तिकडे मी गप्प.

जावेकडे जेवताना हे बोलले तर तिचा भाऊ ताटावरून उठलाच. "वयनी, पगाराच्या दाव्याक मुदत असता. तुमची सरली!"

"सरली तर सरली."

"अशी कशी? उशिराचां कारण पटलां तर दावो घेतत."

तो कुरकुरतच लिहायला बसला. "जल्मात कधी उशीर केलंय नाय, आणि तुमच्यापायी ह्यां लिवचां लागता!" मी म्हटलं, आजारी होते असं लिही. "खोटां लिवचंय नाय." शेवटी लिहिलं, 'मालक दर वेळी पुढचा वायदा करीत व फळे पाठवीत, त्यामुळे मागण्यास लाज वाटली.'

डिचोलीच्या कामगार कार्यालयात साहेबांनी ते दोनदा वाचलं. "एवढी वर्षं लाजच वाटत होती?"

"फळं गोड होती," मी म्हटलं.

मालकाला वायदे नाकारता आले नाहीत. साहेबांनी उशीर माफ केला, दावा घेतला. आणखी तीन तारखा झाल्या. प्रत्येक तारखेला आम्ही शिपायाच्या आधी दारात. शेवटच्या तारखेला चेक माझ्या हातात आला.

परतताना बसमध्ये हा खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपला. आमचं उतरायचं कारापूर आलं तरी जागा होईना. आभार मानायला मला जमत नाही. मी कंडक्टरला गप्प राहायची खूण केली आणि पुढच्या साखळी गावापर्यंतचे वरचे पैसे दिले. तेवढा वेळ तरी त्याला कुठेच पोचायचं नव्हतं.