प्लायवरची पेन्सिल

"आधी वजन, मग फरशी," असं म्हणत आमचे फरशीवाले कुणाच्याही बाथरूममध्ये लाकडी जमिनीवर टाचा आपटून बघायचे. फळी कुरकुरली की नजर माझ्याकडे. मी प्लंबर, पाइपसाठी फळ्या उचलणारा मीच, म्हणून पहिला संशयितही मीच.

कॉव्हेंट्रीतल्या मराठी घरांत फरशीचं काम त्यांचंच. प्रत्येक फळी स्क्रूने आवळायची, वर जाड प्लाय, त्यावर सिमेंटचा बोर्ड. बोर्ड ठोकण्याआधी प्लायवर पेन्सिलीने 'श्री' लिहायचे. असा हट्टी माणूस तुम्हीही पाहिला असेल. घाईत असलो की नकोसा होतो.

लीड्सच्या एका कामावर आमच्या बिल्डरला प्लाय नको होता. इथेच जन्मलेला, आम्हाला काका म्हणणारा. "काका, डायरेक्ट टाइल करा ना, टाइम नाहीये." यांनी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा नाइलाजाने ऐकलं. दोन महिन्यांत फरशा तडकल्या. घरमालकिणीसमोर बिल्डरने खुशाल यांच्याकडे बोट दाखवलं. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण पुढची कामं जातील म्हणून मी हत्यारं आवरत राहिलो. बिल्डरच्या आईने ती गोष्ट गणपतीच्या आरतीला घरोघरी पोचवली. यांना कुणी बोलावेना.

मग बिल्डरने स्वतःच्या बाथरूमसाठी मात्र यांनाच बोलावलं. निर्लज्जच तो. हे गेले, याचा मला जास्त राग आला. एवढा अपमान गिळलात कसा, मी विचारलं.

"गिळलेला नाही. त्याच्याच घरात ठेवून येणार आहे."

मला वाटलं, मुद्दाम कच्चं काम करतील. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. पण त्यांनी जन्मातलं सर्वांत पक्कं काम केलं.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. परवा बिल्डरने टब हलवायला मला बोलावलं. ती फरशी उखडता उखडता दोन दिवस गेले, हाताला फोड आले. शेवटी बोर्ड निघाला. प्लायवर 'श्री' होतं आणि खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात दोन ओळी. फरशी कधीतरी मीच उचलणार, हे त्यांनी पुरतं जोखलं होतं.

बिल्डरला मराठी वाचता येत नाही. मागे दारात त्याची आई चहा घेऊन उभी होती.

"काका, काय लिहिला आहे तिथे?" बिल्डरने विचारलं.

मी मोठ्याने वाचलं, "लीड्सला प्लाय नको, हे बिल्डरने सांगितलं. प्लंबर तिथेच होता, गप्प बसला."

दुसरी ओळ मी पुन्हा एकदा वाचली.