मॉसशी बोलायचं नाही

क्लेम आयर्टनला गप्प बसायला मी शिकवलं. चाळीस वर्षं मी या खोऱ्यात शिकारीची कुत्री तयार करतेय, पण माणूस तयार केला तो हा एकच. लोक अजून माझी पाठ थोपटतात. म्हणतात, नेल, त्या मठ्ठ कुत्र्याचं तू सोनं केलंस. थोपटोत बापडे.

क्लेम आधी दुधाचा टँकर चालवायचा. प्रत्येक गोठ्याच्या फाटकाशी थांबायचं, नळी लावायची आणि दूध ओढून होईपर्यंत बोलायचं. दूध ओढून झालं तरी बोलायचं. कोणाची गाय आटली, कोणाचा जावई पळाला, सगळं त्याला ठाऊक. त्याची बायको एव्हिस नेमकी उलट, दिवसाला दहा शब्द बोलली तर खूप. ती माझ्याबरोबर वेचायला यायची. नोव्हेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत दर शनिवारी वरच्या रानात फेझंट पक्ष्यांची शिकार असते. हाकेवाले झाडी झोडपत पक्षी उठवतात, बंदुकवाले ते पाडतात, आणि त्यांच्या मागे दोनशे पावलांवर आम्ही वेचणारे कुत्री घेऊन उभे असतो. पडलेला पक्षी हुडकून आणायचा. जखमी होऊन पळालेला तर आधी आणायचा, कारण त्याला रानात तडफडत सोडणं म्हणजे पाप. एव्हिसनं हे काम तीस वर्षं केलं.

फेब्रुवारीत ती गेली. दुखणं कळलं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. मूलबाळ नव्हतंच. मागे राहिला क्लेम आणि अकरा महिन्यांचा पिवळा लॅब्रॅडॉर, मॉस. एव्हिसनं त्याला नुकतं कुठं शिकवायला घेतलं होतं.

मार्चमध्ये एक दिवस क्लेम माझ्या फाटकाशी आला. मॉस दोरीला हिसके देत माझ्या कोंबड्यांकडे ओढत होता.

"नेल, मला एव्हिसची जागा हवी," तो म्हणाला.

मला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं. "तुला? अरे, तिथं तोंड मिटून उभं राहावं लागतं. तुझ्या आवाजानं पक्षी नॉर्वेला जातील!"

तो नाही हसला. म्हणाला, "सोमवारी पाववाला येतो, त्याच्याशी बोलणं होतं. मग पुढच्या सोमवारपर्यंत कोणी नाही गं. शनिवारी तिथं वीस माणसं असतात. दुपारी कोठारात एकत्र बसून जेवतात. मला त्या बाकावर बसायचंय, बस. आणि कुत्र्याशिवाय मला तिथं कोण बसू देणार?"

मी रानाच्या राखणदाराकडे गेले. जेरल्ड स्टॉकडेल माणूस सरळ, पण कामात दयामाया नाही. तो म्हणाला, "नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारपर्यंत जागा धरून ठेवतो, एव्हिसखातर. पण त्या दिवशी कुत्रं शिटीला बसलं पाहिजे आणि पक्षी हातात आणून दिला पाहिजे. नाही जमलं तर पलीकडच्या खोऱ्यातला एक जण केव्हाचा मागे लागलाय, त्याच्याकडे तीन स्पॅनियल कुत्री आहेत. मग मला पुन्हा सांगायला येऊ नकोस, नेल."

म्हणजे आठ महिने होते. चांगल्या कुत्र्याला तेवढे पुरतात. पण हे कुत्रं म्हणजे काय सांगू! नाक जमिनीला लागलं की कान बंद. शिटीचा एक लांब सूर म्हणजे जिथं असशील तिथं बस. मॉस तो सूर ऐकायचा, मागे वळून क्लेमकडे प्रेमानं बघायचा आणि पुढे चालू लागायचा. भुसा भरलेली कापडी पिशवी आम्ही पक्षी म्हणून फेकायचो. ती आणायला धाडला तर अर्ध्या वाटेत त्याला मेंढीच्या लेंड्या सापडायच्या, नाहीतर सशाचं बीळ, नाहीतर नुसतं एक फुलपाखरू. पिशवी राहायची गवतात. उठून पळाला की त्याला धरून आणायचं, जिथून उठला त्याच जागी बसवायचं आणि पिशवी आपण जाऊन उचलायची. एका सकाळी क्लेमनं ती एकवीस वेळा उचलली. गुडघे धरून धरून चालत होता बिचारा, पण एकदाही चिडला नाही. मीच चिडायचे.

"एक सणसणीत रट्टा दे त्याला!" मी ओरडायचे, जरी मी स्वतः कधी कुत्र्यावर हात टाकला नाही.

"लहान आहे गं तो अजून," क्लेम म्हणायचा, आणि मॉसला म्हणायचा, "हो की नाही रे? नेलमावशी काय म्हणतेय बघ. चल, पुन्हा करू. या खेपेला आणशील ना? शहाणा ना तू?"

जुलैत आम्ही खेड्याच्या जत्रेत त्याची परीक्षा घेतली, जेरल्डसमोर. पिशवी टाकली, क्लेमनं मॉसला सोडला. मॉस सुसाट निघाला, पिशवीवरून उडी मारून गेला, दोरीखालून वाकून लोकांत घुसला, आणि परत आला तो खाटकाच्या दुकानातला डुकराचा अख्खा पाय तोंडात घेऊन. क्लेमपुढे नीट बसला आणि तो पाय त्याच्या हातात दिला. त्यावर एक दात उमटला नव्हता.

अख्खी जत्रा पोट धरून हसली. जेरल्डसुद्धा हसला. "तोंड मऊ आहे हो," तो म्हणाला, "पण मला पाय नकोत, पक्षी हवेत." आणि जाता जाता माझ्या कानाशी, "त्या स्पॅनियलवाल्याला मी अजून 'नाही' असं कळवलेलं नाही."

क्लेमला ते ऐकू गेलं असावं. पाय हातात धरून तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. हे कुत्रं घरात कसं वागतं ते मी तोवर पाहिलंच नव्हतं, आणि ही माझीच चूक. चहा टाकता टाकता क्लेम बोलत होता, पण माझ्याशी नाही. "मॉस, ऊठ बाबा, नेल आली. नाहीतर असू दे, बस तू. साखर कुठं ठेवली रे आपण? एव्हिस कुठं ठेवायची? थांब, मी आणतो. आभाळ भरून आलंय बघ, कपडे आत आणायला पाहिजेत. ये, जाऊ या. नको, राहू दे, तू इथंच थांब." ऊठ, बस, थांब, आण, ये. रानात वापरायचे सगळे हुकूम चहाला आधण येईपर्यंत देऊन झाले, आणि मॉस शेगडीपुढे आडवा पसरून घोरत होता. एकदा फक्त शेपटी हलली.

मी कप खाली ठेवला. "क्लेम, तू याच्याशी दिवसभर बोलतोस?"

"मग काय करू?" तो म्हणाला. "त्याच्याशी नाही बोलायचं तर कोणाशी? सकाळी उठल्यावर त्याला सांगतो, आज काय वार आहे, काय शिजवायचं. एव्हिसचं सांगतो. ऐकतो गं तो."

"ऐकत नाही! हेच तर दुखणं आहे. तुझा आवाज त्याला ओढ्यासारखा झालाय. ओढा वाहतो म्हणून कोणी उठून बसतं का? आजपासून तोंड बंद. घरात त्याच्याशी एक शब्द नाही. हुकूम द्यायचा तर एकदाच द्यायचा, आणि दिला की तो पाळेपर्यंत हलायचं नाही. बाकी वेळ तो कोपऱ्यात आणि तू तुझ्या खुर्चीत."

"एकही शब्द नाही?"

"नोव्हेंबरपर्यंत. बाक हवाय ना तुला?"

तो मॉसकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं." आणि खरं सांगते, मला त्या वेळी फक्त आनंद झाला, की कुत्र्याचं दुखणं सापडलं.

ऑगस्टच्या मध्याला फरक दिसायला लागला. पहिले काही दिवस मॉस भांबावला. क्लेमच्या तोंडाकडे बघत बसायचा, आवाज का बंद झाला म्हणून. हळूहळू त्याचं लक्ष क्लेमवर खिळलं. क्लेम नुसता खोकला तरी कान टवकारायचा. सप्टेंबरात शिटीला बसायला लागला, पन्नास पावलांवर, मग शंभरावर. हात डावीकडे केला की डावीकडे, उजवीकडे केला की उजवीकडे. मेंढ्यांतून सरळ गेला, सशाकडे ढुंकूनही बघितलं नाही. मी खूश होते. क्लेमला विचारलं, "जमतंय ना घरी?" तो म्हणाला, "जमतंय." मी म्हटलं, "शाबास." त्याच्याकडून एका शब्दात उत्तर येतंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं असेल तर बरंच वाटलं असेल.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. धुकं विरून ऊन पडलेलं, पानांवर दव. दगडी बांधाच्या कोपऱ्यात क्लेम उभा होता, एव्हिसचा जुना मेणकापडी कोट घालून. मी बांधाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिसऱ्या हाक्याला एक मोठा नर फेझंट पडला, पंख मोडून. पडला आणि पळाला, ओढा ओलांडून पलीकडच्या तांबड्या नेच्याच्या झुडपांत. जेरल्डनं लांबूनच क्लेमकडे बोट केलं.

मॉस गेला. ओढ्यात उडी, पलीकडे बाहेर, आणि नेमका त्याच्या नाकासमोरून ससा उठला. तगडा, हातभर अंतरावर. मी मनात म्हटलं, संपलं. मॉसनं दोन उड्या मारल्या सशामागे. क्लेमनं शिटी वाजवली, एकच सूर. आणि मॉस बसला! ससा नजरेआड जाईपर्यंत अंग थरथरत होतं, पण ढुंगण जमिनीला टेकलेलं. मग त्यानं वळून क्लेमकडे बघितलं. क्लेमनं डावा हात वर केला. मॉस नेच्यात शिरला. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर एव्हिस मागे उभी आहे असं वाटायला लागलं. शेवटी नेचा हलला, पिवळं डोकं वर आलं, आणि तोंडात तो नर, जिवंत, मान ताठ. ओढा ओलांडून येऊन त्यानं तो क्लेमच्या हातात दिला.

मी रडले. लाज कसली त्यात?

दुपारी कोठारात सगळे बाकांवर बसले. रस्सा, पाव, फळांचा केक आणि त्यावर चीजचा तुकडा. क्लेम एव्हिसच्या जागी बसला. हाकेवाले एकामागून एक येऊन त्याचा खांदा दाबून गेले. जेरल्ड म्हणाला, "जागा तुझी. तू म्हणशील तोवर तुझी."

"आभारी आहे," क्लेम म्हणाला.

"ए क्लेम, जीभ टँकरमध्येच राहिली काय रे?" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. क्लेमही हसला. रस्सा संपवला, वाटी पुसली. त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं बोलत होती आणि तो प्रत्येकाकडे मान वळवून नीट ऐकत होता. विचारलं तर उत्तर देत होता, हो, नाही, बरं. मी मनात म्हटलं, दमलाय.

पण पुढच्या शनिवारीही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. डिसेंबरात एका शनिवारी तो आपल्या वाट्याचे दोन पक्षी न घेताच निघून गेला. वेचणाऱ्याला दिवसाअखेर एक जोडी मिळते, ती कोणी विसरत नाही. रविवारी दुपारी मी ती घेऊन त्याच्याकडे गेले.

तो शेगडीजवळ खुर्चीत बसला होता. रेडिओ नाही, काही नाही. मॉस कोपऱ्यात त्याच्या टोपलीत. मी म्हटलं, "काय रे हे, स्मशानात आल्यासारखं वाटतंय. आता बोल की त्याच्याशी! कुत्रं तयार झालं, मी काय जन्माची बंदी घातली होती?"

"बघ," क्लेम म्हणाला. आणि मान न वळवता, अगदी साध्या आवाजात बोलला, "मॉस, आज एव्हिसचा वाढदिवस आहे."

मॉस उठला. झरझर येऊन क्लेमच्या डाव्या पायाशी बसला, पाठ ताठ, डोळे क्लेमच्या हातावर. हुकमाची वाट बघत. क्लेम काही बोलला नाही. मॉस हलला नाही. मी मनात साठ मोजले, मग मोजायचं सोडलं. डोकं मांडीवर ठेवणं नाही, शेपटी हलवणं नाही. इतकं सुंदर बसणारं कुत्रं मी स्वतःसुद्धा क्वचितच तयार केलं होतं.

"जा," क्लेम म्हणाला. मॉस टोपलीत गेला.

"प्रत्येक वेळी असंच," क्लेम मला म्हणाला. "महिनाभर प्रयत्न केला. मी काहीही बोललो की उठून येतो, आणि मी सोडेपर्यंत बसून राहतो. त्याला वाटतं, काम आहे. मग म्हटलं, जाऊ दे, उगाच त्याला कशाला उठवायचं." मग त्यानं विचारलं, "पुन्हा पहिल्यासारखा होईल का गं?"

माझ्या घरी तीन कुत्री आहेत. तिन्ही अशीच बसतात, आणि मी पाहुण्यांना ते कौतुकानं दाखवते. मी म्हटलं, "नाही. आता नाही व्हायचा."

"बरं," तो म्हणाला.

मी पक्षी ओट्यावर ठेवले. कोट काढला, दुसरी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "मला सांग," मी म्हटलं. "एव्हिसच्या वाढदिवसाला तुम्ही काय करायचा?"

त्यानं आधी टोपलीकडे बघितलं. मग सांगायला लागला, पण इतक्या हळू आवाजात, की कुत्र्याला ऐकू जाऊ नये. बराच वेळ बोलला, मधे एकदा हसलासुद्धा. चाळीस वर्षं बंदुकांच्या मागे उभं राहून माझे कान अधू झालेत, इतक्या हळू आवाजातला एक शब्दही मला ऐकू येत नव्हता. मोठ्यानं बोल असं मला म्हणवेना. मी मान हलवत बसले.